पुस्तक वाचताना न दुखणारी मान

रुग्ण बाई, वय ४६. काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास नजर अक्षरांवर. पाच महिन्यांपासून मानेची उजवी बाजू दुखत होती, उजवा खांदा दुखत होता, आणि पाठीत उजव्या फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, आतल्या कडेला एक जागा होती जिथे त्यांचा हातच पोहोचत नव्हता. ती जागा दाखवायला त्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि चौकटीच्या कडेला पाठ लावून दोनदा वर-खाली झाल्या. "हे बघा, इथे. घरी दिवसातून दहा वेळा हेच करते." गेले सहा आठवडे उजव्या हाताच्या मधल्या बोटाला मुंग्याही यायला लागल्या होत्या. त्या घाबरल्या होत्या त्या या मुंग्यांना.

माझ्याकडे येईपर्यंत बरंच काही करून झालं होतं. एक्स-रेच्या अहवालात 'स्पॉन्डिलोसिस', म्हणजे मणक्यांची झीज, लिहिलेलं, आणि तोंडी 'मणक्यांत गॅप आहे' असं सांगितलेलं. एमआरआयमध्ये सी ५-६ आणि सी ६-७, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मध्ये, अशा दोन ठिकाणी गादी (डिस्क) फुगलेली. मग तीन आठवडे मानेचा पट्टा, गोळ्या, मालीश, शेक. कुणीतरी सांगितलं म्हणून उशी काढून टाकली, तर चार दिवसांत मान आणखी आखडली, म्हणून ती परत घेतली. हे सगळे कागद तारखेनुसार लावून त्यांनी फाईल केली होती. एक पान उलटसुलट नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या प्रकरणात निदान अवघड होतं म्हणून ते लिहीत नाहीये. निदान पहिल्याच भेटीत जवळपास बरोबर झालं होतं, आणि तरीही पुढचे तीन आठवडे फुकट गेले.

खांदा म्हणजे नेमकं काय

मराठीत 'खांदा' हा शब्द ऐसपैस आहे. पिशवी अडकवतो तोही खांदा आणि हात जिथे सांध्यात फिरतो तोही खांदाच. 'खांदा दुखतो' म्हणणाऱ्या दहा जणांना बोट ठेवायला सांगा, त्यातले बरेच जण मान आणि खांद्याच्या मधल्या उतारावर बोट ठेवतील. तिथे सांधा नाही. तिथे ट्रॅपिझियस नावाचा मोठा स्नायू आहे, आणि त्याच्याखाली मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारा लेव्हेटर स्कॅप्युली. खुद्द सांध्याचं दुखणं बहुधा दंडाच्या बाहेरच्या अंगाला जाणवतं. हात वर नेताना मध्येच कळ येते, त्या कुशीवर झोपवत नाही, पाठीमागे हात नेऊन हूक लावता येत नाही. खांदा आखडला असेल, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, तर कोपर कमरेला टेकवून हात बाहेर फिरवायला सांगितलं की लगेच कळतं. हात फिरतच नाही, दुसऱ्या कुणी फिरवला तरी फिरत नाही. चाळिशी-पन्नाशीत, आणि मधुमेह असेल तर जास्तच, हे दिसतं.

आमच्या बाईंनी बोट ठेवलं ते उतारावर. दोन्ही खांदे सगळीकडून सारखे फिरत होते. सांधा यादीतून गेला.

राहिली फऱ्याच्या आतली ती जागा. लोक तिला 'पाठीत उसण' म्हणतात, तिथेच दाबतात, तिथेच चोळतात. पण पाठीतल्या त्या जागेचा धनी पुष्कळदा मानेत राहतो. राल्फ क्लोअर्ड या अमेरिकी न्यूरोसर्जननी १९५९ मध्येच दाखवलं होतं, की मानेतल्या गादीला सुईने डिवचलं तर दुखणं फऱ्याच्या आतल्या कडेला उमटतं. बाई पाच महिने चौकटीला पाठ घासत होत्या आणि तेवढ्यापुरतं बरंही वाटत होतं. घासल्यावर बरं वाटतं याचा अर्थ दुखण्याचं मूळ तिथे आहे असा होत नाही, एवढंच.

हा धनी दरवेळी मानेतच राहतो असंही नाही, म्हणून काही प्रश्न मी कधीच गाळत नाही. जिना चढताना किंवा भराभर चालताना दुखणं वाढतं आणि थांबल्यावर ओसरतं का? घाम, धाप, जबड्यात किंवा छातीत दाब? असं असेल तर तो हृदयाचा प्रश्न आहे आणि माझ्या टेबलावर एक मिनिटही थांबायचं कारण नाही. तेलकट जेवणानंतर उजव्या फऱ्यापाशी दुखतं का? पित्ताशय. दोन फऱ्यांच्या मध्ये अचानक फाडल्यासारखी असह्य कळ आली का? तिथे महाधमनीची शंका घेऊन तडक इस्पितळ. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे सकाळी तासभर जखडलेले राहतात का? ही पॉलिमायाल्जिया असू शकते, म्हणजे खांदे-कंबर जखडणारा दाहाचा आजार, त्याला रक्ततपासणी लागते. ताप, उतरलेलं वजन, पूर्वीचा कर्करोग, कुशी बदलूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं हे प्रश्न तर असतातच. धूम्रपान करणाऱ्याच्या हाताचे स्नायू वाळत असतील तर फुप्फुसाच्या शेंड्याला गाठ नाही ना, हे बघावं लागतं.

आणि एक प्रश्न लोकांना विचित्र वाटतो: शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का, चालताना तोल जातो का? मानेत मज्जारज्जूच दाबला जात असेल तर दुखणं थोडं आणि हे जास्त, असं असतं. मग लघवीवरचा ताबाही बिघडू शकतो. तिथे व्यायाम नाही, तिथे तातडीने सर्जनचं मत.

बाईंची सगळी उत्तरं 'नाही' आली. एका रेषेत टाचेला बोटं लावून त्या सरळ चालल्या.

तपासणी

"चष्मा काढून ठेवा," मी म्हटलं. मानेची तपासणी करताना मी सगळ्यांनाच सांगते, मध्ये येतो म्हणून. त्यांनी चष्मा घडी करून फाईलवर ठेवला.

मान डावीकडे ७५ अंश वळत होती, उजवीकडे ५० वर अडत होती. खाली वाकवायला त्रास नव्हता. मागे नेली की फऱ्याजवळची ती जागा पेटायची. मान थोडी मागे आणि उजवीकडे कलती ठेवून डोक्यावर हलका दाब दिल्यावर मुंग्या सरळ मधल्या बोटात उतरल्या. ही स्परलिंग चाचणी. १९४४ पासून वापरात आहे आणि आजही हिच्याइतकी थेट बोलणारी चाचणी विरळा. (घरी एकमेकांवर करून बघू नये.) डोकं हलकेच वर उचलून धरलं की त्या डोळे मिटून सुस्कारा सोडायच्या. त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली: "उजवा हात डोक्यावर ठेवून बसलं की बरं वाटतं. घरचे हसतात." हसू नये. हात डोक्यावर ठेवल्याने मानेतून निघणाऱ्या नसेवरचा ताण सैल होतो, आणि कुणी न शिकवता रुग्ण हे शोधून काढतात.

मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. सातवी जोडी सहाव्या आणि सातव्या मणक्यांच्या मधून बाहेर पडते आणि मधल्या बोटापर्यंत जाते. नस दबण्याच्या प्रकारांत सर्वांत जास्त वेळा हीच सापडते. तिचं बळ बघायला कोपर सरळ करण्याची ताकद तपासली. ती शाबूत होती, प्रतिक्षेपही (रिफ्लेक्स) ठीक. मधल्या बोटाच्या टोकाला स्पर्श जरासा बोथट, बस.

म्हणजे निदान असं: सातव्या नसेच्या मुळाशी सौम्य चिडचिड, आणि तिच्या जोडीने ताणून बसलेले मानेचे नि खांद्याचे स्नायू.

फाईल उघडून त्यांनी विचारलं, "मग हे गॅपचं काय?" झीज सगळ्यांच्याच मणक्यांत होते, केस पांढरे होतात तशी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी पाहणीत काही त्रास नसलेल्या १,२११ जणांच्या मानेचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांची गादी कुठे ना कुठे फुगलेली निघाली, अगदी विशीतल्या बहुतेकांचीसुद्धा. बाईंची गादी फुगलेली होती हे खरंच, पण ती पाच महिन्यांपूर्वीच फुगली असं तो अहवाल सांगत नव्हता. कदाचित दहा वर्षांपासून तशीच असेल. मग पाच महिन्यांपूर्वी काय बदललं?

हा प्रश्न मी विचारला होता, हे नमूद करते. "काही नाही, तेच काम, तीच खुर्ची," असं उत्तर आलं आणि मी पुढे गेले.

तीन आठवडे

पट्टा हळूहळू सोडायला सांगितला. काही दिवसांपुरता तो आराम देतो, पण आठवडेच्या आठवडे घातला तर मानेचे स्नायू कामच विसरतात. पाठीवर झोपून हनुवटी हलकेच आत घेत 'हो' म्हटल्यासारखी मान हलवायची, दहा वेळा. रबरी पट्टी ओढून फरे मागे नेण्याचा व्यायाम. दर अर्ध्या तासाने उठायचं. नस दबण्याचं हे दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप निवळतं, हेही सांगितलं, कारण ते खरं आहे आणि भीती कमी झाली की मान निम्मी सैल होते.

तिसऱ्या आठवड्यात विचारलं तर त्या म्हणाल्या, "शनिवार-रविवार छान जातात. सोमवारी दुपारपासून परत तेच." व्यायाम त्या मनापासून करत होत्या, वहीत टिकमार्क होते. शनिवार-रविवारी काय करता? "वाचते. परवा अख्खी कादंबरी संपवली. मोबाइलही बघते, खोटं कशाला बोलू." त्याने दुखत नाही? "नाही."

इथे मी थांबायला हवं होतं. मान खाली घालून मोबाइल बघण्याला आज सगळे दोष देतात, मीही देते. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, ते पुढे झुकलं की मानेच्या मागच्या स्नायूंवर भार वाढतो, हे चुकीचं नाही. पण इथे तर मान खाली घालून तासन्‌तास वाचलं तरी काही होत नव्हतं, आणि टेबलाशी ताठ बसून समोर बघितलं की दुखत होतं. सगळं उलटं. मी वहीत 'कामाचा ताण?' असं लिहिलं आणि प्रश्नचिन्हावर समाधान मानलं.

उकल झाली ती अपघाताने. माझ्याकडे भिंतीवर व्यायामाचा तक्ता आहे, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला. निघताना बाई एक व्यायाम परत बघायला त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, हातभर अंतरावर, चष्मा लावून. आणि त्यांची हनुवटी वर गेली. नाक उंच, मानेचा मागचा भाग दुमडलेला, डोळे खाली वळवून चष्म्याच्या खालच्या काचेतून वाचणं. एक ओळ संपली की डोकं आणखी थोडं मागे.

"हा चष्मा कधीपासून?"

"प्रोग्रेसिव्ह आहे. आधी दूरचा वेगळा, जवळचा वेगळा. सारखी काढघाल करून कंटाळले." मग थोडं थांबून, "सहा महिने झाले असतील."

पहिल्या भेटीत तो चष्मा मीच काढायला लावला होता. त्या भेटीत तो समोर फाईलवर पडून होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्यांकडून कामाच्या टेबलाचा बाजूने फोटो काढून पाठवला. लॅपटॉप समोर आणि उजवीकडे मोठा मॉनिटर. मॉनिटरखाली चार जाडजूड शब्दकोश. शब्दकोश कशाला? "स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला पाहिजे, असं सगळीकडे लिहिलेलं असतं ना. मान दुखायला लागली म्हणून अडीच महिन्यांपूर्वी मीच उंच केली." मुंग्या त्यानंतर पंधरा दिवसांत सुरू झाल्या होत्या. तारखा त्यांच्याच फाईलमध्ये होत्या, मी जोडून पाहिल्या नव्हत्या.

काच आणि मणका

प्रोग्रेसिव्ह भिंगात वरचा भाग लांबचं बघायला असतो, खालचा जवळचं. मधल्या अंतराला, म्हणजे साधारण हातभर लांबच्या वस्तूला, दोन्हींच्या मध्ये एक अरुंद पट्टा मिळतो. कडेला दृश्य धूसर होतं. पुस्तक मांडीवर असेल तर डोळे आपोआप खालच्या भागात जातात, मानेला काही करावं लागत नाही. पण स्क्रीन डोळ्यांच्या समोर उंच असेल, तर काचेचा योग्य भाग तिच्यासमोर आणायला डोकंच मागे टाकावं लागतं. आणि स्क्रीन कडेला असेल, तर नुसते डोळे वळवून भागत नाही, कारण काचेची कड धूसर. म्हणून मानच वळवावी लागते.

मान मागे आणि उजवीकडे. नस ज्या भोकातून बाहेर पडते ते भोक नेमक्या याच स्थितीत अरुंद होतं. स्परलिंग चाचणीत मी जे पाच सेकंद केलं होतं, तेच बाई दिवसातले सहा-सात तास स्वतःवर करत होत्या. फरक एवढाच, की वरून दाबायला माझा हात नव्हता.

स्नायूंचं दुखणंही यातूनच. जड ओझं उचलूनच स्नायू दुखतो अशी आपली समजूत असते. पण थोडासाच ताण न थांबता तासन्‌तास राहिला तरी तो दुखतो. स्वीडनमधले संशोधक गोरान हॅग यांनी १९९१ मध्ये याला सिंड्रेलाचं नाव दिलं: काही बारीक तंतू कामाला सगळ्यांत आधी लागतात आणि शेवटपर्यंत सुटत नाहीत, घरात सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या नंतर झोपणाऱ्या बाईसारखे. एकंदर स्नायू आरामात दिसतो, हे तंतू मात्र राबत असतात. विधान गृहीतकाच्याच पातळीचं आहे, पण टेबलावर काम करणाऱ्यांचे उतार चाचपताना मला ते वारंवार आठवतं.

तरी सगळं पाप चष्म्याच्या माथी मारणार नाही. तोच चष्मा लावणारे लाखो लोक मजेत असतात. बाईंच्या मानेत आधीची झीज होती, मॉनिटर चुकीच्या बाजूला होता, आणि नंतर कळलं की त्या काळात घरात आजारपण होतं, तीन-चार महिने रात्रीची झोप चार-पाच तासांवर आली होती. कमी झोपलेल्या माणसाला तेवढ्याच कारणाने जास्त दुखतं. यातली कुठलीही एकच गोष्ट असती तर कदाचित त्या माझ्यापर्यंत आल्याच नसत्या.

नंतर काय केलं

शब्दकोश फडताळात परत गेले. मोठा मॉनिटर बरोबर समोर आला, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीपेक्षा चांगली हातभर नाही पण वीतभर खाली, आणि पडदा किंचित मागे कलता. लॅपटॉप बाजूला, तोही क्वचित बघायचा. अक्षरं मोठी केली. मग चष्मातज्ज्ञांकडे पाठवलं, डोळे आणि स्क्रीन यांच्यातलं अंतर टेपने मोजून चिठ्ठीवर लिहून: ६५ सेंटिमीटर. त्या अंतरापुरता वेगळा, एकाच नंबरचा चष्मा झाला. प्रोग्रेसिव्ह बाहेर फिरताना. म्हणजे काढघाल परत आली, त्यावर बाई थोड्या नाराज होत्या.

व्यायाम तेच ठेवले, फक्त पट्टीचा जोर दर आठवड्याला वाढवला. या वेळी सोमवारची दुपार आली आणि गेली. तिसऱ्या आठवड्यात मुंग्या थांबल्या. आठव्या आठवड्यात मान उजवीकडे ७० अंश वळली, बोटाचा बोथटपणा गेला. उतारावरचा ताठरपणा रेंगाळला, आणि तिसऱ्या महिन्यात एका घाईच्या पुस्तकापायी सलग चार रात्री जागल्यावर दुखणं परतही आलं. त्या घाबरल्या नाहीत. दोन दिवस शेक, चालणं, हात डोक्यावर ठेवून बसणं, आणि आठवड्यात उतरलं. एमआरआय परत काढायचा का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. गादी बहुधा तशीच फुगलेली दिसली असती, आणि एक नवा कागद फाईलला लागला असता.

शेवटच्या भेटीत जाता जाता त्या भिंतीवरच्या तक्त्यासमोर थांबल्या आणि सवयीने हनुवटी उचलली. मग स्वतःच हसल्या. "मॅडम, हा तक्ता फार उंच लावलाय. आणि चौथ्या ओळीत शुद्धलेखनाची चूक आहे."

तक्ता आता फूटभर खाली आहे. चूक दुरुस्त करायची राहिली आहे.